लोंबीचा नंबर आणि निवडणारीचं नाव

आम्ही पळस्प्याहून बोलतोय. पळस्पे म्हटलं की सगळ्यांना फाटा आठवतो. मुंबईकडून आलेला रस्ता इथं फुटतो, एक पुण्याला जातो, एक गोव्याला. फाट्यावर चहा-वडापाव बहुतेकींनी खाल्ला असेल. पण फाट्याच्या आत गाव आहे, गावाला शेती आहे आणि त्या शेतीत अजून थोडा का होईना भात उभा राहतो, हे आता मुद्दाम सांगावं लागतं.

आज बियाण्याच्या इतिहासाबद्दल बोलायचं आहे आणि सुरुवात किराणा दुकानापासून करायची आहे. आपण दुकानात जातो आणि म्हणतो, "दादा, पाच किलो लोकवन द्या." हे लोकवन म्हणजे काय, असं आमच्या गटाच्या बैठकीत विचारलं. एकजण म्हणाली, लोकवन नावाचं गाव असेल. दुसरी म्हणाली, वनात पिकत असेल. खरं असं, की हा शब्द मराठीही नाही आणि त्यात वनही नाही. मूळ नाव लोक-१. इंग्रजीत एकाला वन म्हणतात, म्हणून लोक-वन, आणि आपल्या तोंडी झालं लोकवन.

यातला 'लोक' आला गुजरातमधून. भावनगर जिल्ह्यात सणोसरा नावाचं गाव आहे. तिथं नानाभाई भट्ट यांनी १९५३ मध्ये लोकभारती ही ग्रामविद्यापीठासारखी संस्था सुरू केली. गांधीजींच्या नयी तालीमच्या वळणाची. खेड्यातल्या मुलांनी शेतात राबत शिकायचं. या संस्थेच्या शेतावर झवेरभाई पटेल यांनी गव्हाचे संकर करून, वर्षानुवर्षं झाडं पाहून निवडून, लोक-१ ही जात तयार केली. तिच्या पालकांपैकी एक सोनालिका, जो गहू आपल्याकडेही पुष्कळ पेरला जात होता. १९८०च्या दशकात लोक-१ गुजरात, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रभर पसरला. दाणा टपोरा, चपाती मऊ, उशिरा पेरला तरी हाती काहीतरी लागतं. मोठ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेतून न आलेला हा गहू आज आपण रोज खातो आणि त्याचं नाव बिघडवून घेतो. बिघडवलं म्हणजे आपलंसं केलं, असंही म्हणता येईल.

आता कोणी म्हणेल, पनवेल तालुक्यात गहू पिकतो कुठे? बरोबर आहे. आपला प्रदेश भाताचा. पण गव्हाची ही गोष्ट ऐकल्यावर आम्हाला प्रश्न पडला, की मग आपला भात कुणी घडवला? त्याच्या शोधात आम्ही लागलो आणि जे हाती आलं ते घराच्या फारच जवळचं निघालं.

आमच्या सासवा, आजेसासवा बी कसं राखायच्या ते आठवून पाहा. भात कापायच्या आधी त्या शेतात एक फेरी मारायच्या. बांधाकडेचं नाही, मधलं पीक बघायचं. ज्या चुडाला लोंबी भरलेली, दाणे एकसारखे, रोगाचा डाग नाही, तो वेगळा कापायचा. तो वेगळा झोडायचा, वेगळा वाळवायचा, पेंढ्याच्या मुडीत आवळून बांधायचा. मुडी कुठं टांगायची, तीत निरगुडीचा पाला घालायचा का, हे बाईच ठरवायची. कोकणच्या दमट हवेत भाताचं बी दोन-तीन वर्षं ठेवलं तर उगवण घसरते, म्हणून दरवर्षी पेरायचं आणि दरवर्षी निवडायचं. म्हणजे दरवर्षी परीक्षा. ज्याला आज 'बीजोत्पादन' आणि 'निवड पद्धत' म्हणतात, ते काम आमच्या घरात 'बी काढणं' या दोन शब्दांत उरकत होतं. त्याची वही कोणी ठेवली नाही.

या निवडीतून जाती कशा घडतात हे बघायचं असेल तर पनवेल, उरण, पेणच्या खारपट्ट्याकडे जायला हवं. तिथली जमीन खाडीपासून बांध घालून मिळवलेली. पूर्वी शिलोत्री नावाची पद्धत होती, तीत बाहेरकाठा सांभाळायची जबाबदारी ठरलेली असे. पुढं १९४८ मध्ये मुंबई खारभूमी कायदा झाला आणि बांधांची कामं सरकारकडे आली. बांध फुटला की खारं पाणी शेतात, आणि मग दोन-तीन वर्षं पीक नाही. बांध शाबूत असला तरी जमिनीत मीठ असतंच. पाऊस लागला की मीठ खाली धुपतं, पावसानं ओढ दिली की पुन्हा वर येतं. रोप कोवळं असताना आणि पीक फुलोऱ्यावर असताना भाताला मीठ सर्वांत जास्त बाधतं. असल्या जमिनीत लावणी करणंही कठीण, म्हणून बी भिजवून मोड आणून चिखलात फेकायचं, त्याला रहू म्हणतात. तिथं गोड्या जमिनीचं नाजूक बी नेलं तर ते पिवळं पडून मरून जातं. जे मरत नाही तेच पुढच्या वर्षी मुडीत जातं. अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या चाळणीतून खारपट्ट्यात जे भात टिकले त्यांना लोक राता म्हणायचे. राता म्हणजे लाल. काळा राता, भुरा राता, असे त्याचे प्रकार. तांबडा तांदूळ, पेजेला उत्तम, भाकरी पोटात टिकणारी, बाळंतिणीला द्यायचा तो हाच.

मग शेतीखात्याचे शास्त्रज्ञ आले. कर्जतचं भात संशोधन केंद्र १९१९ पासूनचं. पनवेललाच पुढं खारभूमी संशोधन केंद्र झालं. दापोलीला १९७२ मध्ये कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर ही केंद्रं त्याच्याकडे आली. सुरुवातीच्या काळात या केंद्रांनी काय केलं, तर शेतकऱ्यांच्या भातातून चांगल्या लोंब्या निवडल्या, एकेका लोंबीचे दाणे वेगवेगळ्या ओळीत पेरले, ज्या ओळी चांगल्या निघाल्या त्यांना नंबर दिला आणि त्यांचं बी वाढवलं. कोळंबा ४२, झिन्या ३१, पटणी ६, वरंगळ ४८७ ही नावं तुमच्यापैकी जुन्या बायांनी ऐकली असतील. कोळंबा, झिन्या, पटणी, वरंगळ हे लोकांचे शब्द. मागचा आकडा केंद्राचा. तसेच खारपट्ट्यातून आले काळा राता १-२४ आणि भुरा राता ४-१०.

इथं एक समजून घ्यायला हवं. हे काम सोपं नव्हतं आणि ते चुकीचंही नव्हतं. घरची मुडी म्हणजे मिसळ असते, तीत दहा प्रकारची झाडं असतात. त्यातून एकसारखी, खात्रीची ओळ वेगळी काढणं याला धीर लागतो, मोजमाप लागतं, वही लागते. ते शास्त्रज्ञांनी केलं. आमची तक्रार एवढीच, की वहीत लोंबीचा नंबर आला आणि लोंबी जिच्या मुडीतून आली तिचं नाव आलं नाही. गावाचं नावसुद्धा अनेकदा नाही.

पुढं १९६६ साल आलं. त्या वर्षी फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं आयआर-८ नावाचा बुटका भात दिला. त्याच वर्षी आपल्या देशानं मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या गव्हाचं बी मागवलं. दुष्काळाची वर्षं होती, परदेशी धान्याच्या बोटींवर देश जगत होता. त्या बियाण्यानं पोटं भरली हे नाकारणाऱ्यांपैकी आम्ही नाही. पण या बुटक्या जातींचं गणित वेगळं होतं. जुना भात उंच, त्याला युरिया घातला की तो माजतो, उंच होतो आणि सप्टेंबरच्या वाऱ्यात आडवा होतो. बुटका भात युरिया पचवून उभा राहतो. म्हणजे जात अशी निवडली गेली, की भरपूर खत मिळालं तर ती भरपूर देईल. खत नाही मिळालं तर तिचं काय होतं, तण माजलं तर ती त्याला दबवते का, पेंढा किती निघतो, गुरं तो खातात का, हे प्रश्न त्या निवडीत मागे पडले.

खारपट्ट्यात मात्र आयआर-८ नुसता चालला नाही. मीठ त्याला सोसलं नाही. तेव्हा पनवेलच्या केंद्रानं त्याचा संकर कुणाशी केला? भुरा राता ४-१० शी. त्यातून निघाली पनवेल-१. एका बाजूला परदेशी बुटका भात, दुसऱ्या बाजूला आपल्या खाडीकाठचा राता. उत्पन्नाची ताकद एकाकडून आली, मीठ सोसायची दुसऱ्याकडून. पुढं पनवेल-२ आणि पनवेल-३ आल्या. आज कुठल्याही खारभूमीच्या पुस्तिकेत या जातींची शिफारस असते. पनवेल-१ ची आजी कोण, असं विचारलं तर उत्तर आहे भुरा राता. आणि त्या आजीला कुणी सांभाळलं, तर खारपट्ट्यातल्या बायांनी. हे आम्हाला आमच्या वयाच्या पन्नाशीत कळलं. शाळेच्या पुस्तकात आयआर-८ होता.

आता सेंद्रिय शेतीकडे येऊ, कारण आपल्या बहुतेक गटांना त्यात रस आहे. आपण शेणखत घालतो, गांडूळखत करतो, जीवामृत करतो, पण बी मात्र दुकानातून आणतो. ते बी ज्या शेतात निवडलेलं असतं त्या शेताला युरिया मिळालेला असतो, तणनाशक मिळालेलं असतं, बियाण्याला औषध चोळलेलं असतं. तिथं पहिला आलेला विद्यार्थी आपल्या शाळेत पहिला येईलच असं नाही. शेणखतातून नत्र हळूहळू सुटतं, म्हणून मुळं खोल आणि पसरणारी लागतात. तणनाशक नाही, म्हणून सुरुवातीलाच पानं पसरून जमीन झाकणारं झाड लागतं. बियाण्याला औषध नाही, म्हणून बियातून येणाऱ्या रोगाला तोंड देणारी जात लागते. गुरं असतील तर पेंढा पाहिजे, म्हणजे उंची थोडी हवी. हे गुण सेंद्रिय शेतातच दिसतात. म्हणून सेंद्रिय शेतीसाठीची जात सेंद्रिय शेतातच निवडावी लागते, आणि ती निवडताना ते शेत करणारी माणसं हजर असावी लागतात.

हा विचार आजकालचा नाही. शंभर वर्षांपूर्वी बिहारमधल्या पुसा इथं अल्बर्ट हॉवर्ड आणि गॅब्रिएल हॉवर्ड हे इंग्रज जोडपं गव्हावर काम करत होतं. दोघंही वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी आपल्या देशातल्या शेतकऱ्यांच्या गव्हातून निवड करून पुसा ४, पुसा १२ अशा जाती दिल्या, ज्या फार प्रसिद्ध झाल्या. १९२४ मध्ये ते इंदूरला आले आणि तिथं शेतकऱ्यांच्या शेणकाडीकचऱ्याच्या पद्धतीवर काम करून त्यांनी कंपोस्टची रीत बसवली. आपण जिला इंदूर पद्धत म्हणतो ती हीच. अल्बर्ट हॉवर्ड पुढं जगभर सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून ओळखले गेले आणि आपण इथल्या शेतकऱ्यांकडून शिकलो हे त्यांनी पुस्तकात लिहून ठेवलं. गॅब्रिएलबाई १९३० मध्ये वारल्या. त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. बायकोचं काम नवऱ्याच्या खात्यावर जमा होणं फक्त आपल्याच गावात होतं असं नाही.

गव्हाचं सोडून परत भाताकडे येतो, कारण महाराष्ट्रातली या विषयातली सर्वांत मोठी गोष्ट भाताचीच आहे आणि ती चंद्रपूर जिल्ह्यातली आहे. नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव. मराठवाड्यातलं नांदेड नव्हे. तिथं दादाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी होते. तिसरीपर्यंत शिकलेले, जमीन दीड एकर. १९८३ मध्ये त्यांच्या पटेल-३ नावाच्या भातात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, दाणा पिवळसर आणि बारीक. त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या. पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या. मग त्यातून पुन्हा निवड, पुन्हा पेरणी. पाच-सहा वर्षं हे चाललं. भात बारीक, शिजायला चांगला, उत्पन्नही बरं. शेजारच्या शेतकऱ्यानं बी नेलं, त्याचा माल बाजारात गेला आणि व्यापाऱ्यांनी त्याला नाव दिलं एचएमटी. का? तर त्या काळात एचएमटीचं घड्याळ हातात असणं मोठी गोष्ट होती. म्हणजे जिथं निवडणाऱ्याचं नाव यायचं तिथं घड्याळाचं आलं.

१९९४ मध्ये सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रानं दादाजींकडून पाच किलो बी नेलं आणि १९९८ मध्ये पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं पीकेव्ही एचएमटी ही जात प्रसारित केली. या जातीच्या श्रेयावरून पुढं वर्तमानपत्रांतून बरीच चर्चा झाली. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठाननं दादाजींना पुरस्कार दिला, राज्य सरकारनंही गौरव केला, २०१० मध्ये फोर्ब्स मासिकाच्या यादीत त्यांचं नाव आलं. त्यांनी एचएमटीनंतर आणखीही जाती काढल्या, नांदेड चिन्नोर, विजय नांदेड, डीआरके अशा. ३ जून २०१८ रोजी ते गेले, तोपर्यंत एचएमटी तांदूळ कित्येक राज्यांत खाल्ला जात होता. पैशाची ओढाताण मात्र त्यांच्या घरातून शेवटपर्यंत गेली नाही.

दादाजींकडे काय होतं? डोळा होता आणि धीर होता. भात आणि गहू या पिकांचं एक बरं असतं. त्यांचं फूल स्वतःच्याच परागानं फळतं, त्यामुळं निवडलेली लोंबी दुसऱ्यात मिसळत नाही. चार-पाच हंगाम निवड केली की ओळ स्थिर होते. मक्याचं, बाजरीचं असं नाही, तिथं वारा पराग कुठून कुठं नेतो. म्हणून घरच्या घरी जात सुधारायची तर भात आणि गहू हीच सुरुवात करायची पिकं.

एकट्या माणसानं आयुष्य घालून हे करावं आणि मग श्रेयासाठी झगडावं, याला दुसरा रस्ता आहे. शास्त्रज्ञ आणि शेतकरी यांनी पहिल्यापासून एकत्र बसायचं. संकर शास्त्रज्ञानं करायचा, कारण त्याला हात आणि यंत्रणा लागते. निवड शेतकऱ्यानं आपल्या शेतात करायची. नेपाळमध्ये हे १९९०च्या दशकात झालं. उंच डोंगरातल्या छोम्रोंग आणि घांद्रुक गावांत थंडीमुळं नवीन भात भरतच नव्हते. तिथल्या संशोधकांनी गावचा छोम्रोंग धान आणि जपानचा फुजी १०२ यांचा संकर केला आणि अजून पक्कं न झालेलं, मिसळ असलेलं बी गावकऱ्यांच्या हाती दिलं. गावकऱ्यांनी आपल्या शेतात निवड केली. त्यातून माछापुच्छ्रे-३ ही जात निघाली आणि १९९६ मध्ये सरकारनंही ती मान्य केली. सीरियात बार्लीवर, फ्रान्समध्ये स्वतःचं पीठ दळून पाव भाजणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर गव्हावर, असं काम झालं आहे.

यात एक खोच आहे. शेतकऱ्यांना बोलावलं की कोण येतं? ज्याच्या नावावर सातबारा आहे तो. तो सांगतो, उत्पन्न किती, बाजारात भाव किती. भात उकडताना फुटतो का, सकाळचा भात रात्री कडक होतो का, भाकरी थापताना चिरते का, कांडताना कणी किती पडते, पेंढा गाय खाते का, हे सांगायला बाई लागते. निवडीच्या दिवशी शेतावर बाई नसेल तर निम्मी परीक्षा झालीच नाही. आमच्या घरांतून असं झालेलं आहे. एका खात्याचं भातावरचं शिबिर तालुक्याला होतं, नावं मागवली तेव्हा पुरुषांची गेली, आणि जेवण वाढायला आम्हाला बोलावलं होतं.

कायद्यानं आता दार थोडं उघडलेलं आहे. २००१ मध्ये पिकांच्या जातींचं आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचं संरक्षण करणारा कायदा संसदेत झाला. त्यात शेतकऱ्यानं आपलं बी राखणं, पेरणं, देवाणघेवाण करणं, विकणं हा हक्क मान्य आहे. फक्त ब्रँडचं नाव लावून ते विकता येत नाही. शेतकऱ्यांची जात नोंदवता येते, एकट्यानं किंवा समूहानं, आणि त्यासाठी शेतकऱ्याला शुल्क नाही. समूहानं म्हणजे आपल्यासारख्या गटानंही. हे वाक्य जपून ठेवा.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे तुम्हाला ठाऊक आहेतच. शाळेत न गेलेल्या या महादेव कोळी समाजाच्या बाईंनी घरात गावठी बियाण्यांची बँक उभी केली, बाएफ संस्थेनं साथ दिली, आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्यातल्या वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही नावं ऐकून बरं वाटतं. पण आमच्या मते बी डब्यात राखणं आणि बी शेतात निवडत राहणं यात फरक आहे. डब्यातलं बी होतं तसं राहतं. हवा मात्र बदलते आहे, पाऊस ऑक्टोबरात कोसळतो, नवीन कीड येते. बी दरवर्षी शेतात उतरलं आणि कुणीतरी त्यातून निवडलं, तरच ते बदलत्या हवेबरोबर चालतं.

आणि शेत राहिलं पाहिजे. इथं आम्ही अडतो. १९७० मध्ये सिडको आली, तेव्हापासून पनवेल-उरणची जमीन कमी कमी होत गेली. विमानतळासाठी खाडीकाठची गावं हलली. रस्ते रुंद झाले, गोदामं आली. खारपट्ट्यातला राता ज्या मिठात घडला ते मीठच भरावाखाली गेलं. आम्ही गटात ठरवलं, की राता राखायचा. एका सदस्याच्या माहेरून, पेणकडच्या खारातून, दोन किलो बी आलं. तेव्हा गटातल्या सर्वांत वयस्कर आजींनी विचारलं, "तुमचं शेत गोडं. गोड्या शेतात राता राखाल तर खारं सोसायचं तो विसरेल की नाही?" आम्ही हसलो. मग एका कृषी पदवीधर मुलीला विचारलं तर ती म्हणाली, आजी बरोबर आहेत. मिसळ बियाण्यात काही झाडं मीठ सोसणारी, काही न सोसणारी. गोड्या जमिनीत दोन्ही सारखीच वाढतात, तुम्ही दिसायला चांगली निवडाल, आणि दहा वर्षांत मीठ सोसणारी मागे पडतील. म्हणून राता आम्ही परत माहेरी पाठवला. त्याची निवड तिथंच, खारात, वहिनी करतात. आम्ही फक्त वही पुरवली आणि अर्धा किलो बी अडीअडचणीला ठेवलं.

पळस्प्यात आम्ही आमच्या गोड्या जमिनीत जुना कोळंबा घेतला आहे, चार गुंठे, फक्त शेणखतावर. पहिल्या वर्षी तो वाऱ्यानं आडवा झाला, उत्पन्न घसरलं, घरातून बोलणी खाल्ली. मागच्या हंगामात कापणीच्या आठ दिवस आधी आम्ही चौदा जणी शेतात उतरलो. प्रत्येकीनं उभ्या पिकातून दहा लोंब्या निवडल्या आणि रंगीत दोरा बांधला. आडव्या झालेल्या चुडातली घ्यायची नाही, बांधालगतची घ्यायची नाही, एवढाच नियम. लोंब्या घरी आणून वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत ठेवल्या. पिशवीवर नंबर लिहिला आणि नंबराशेजारी निवडणारीचं नाव लिहिलं. आजींना लिहिता येत नाही, त्यांनी सांगितलं आणि आम्ही लिहिलं. त्यांनी स्वतःचं नाही, सासूचं नाव सांगितलं. मग बाकीच्या दोघीतिघींनी आपल्या पिशव्यांवरची नावं खोडून पुन्हा लिहिली.

आता जूनमध्ये राब भाजला की एकशे चाळीस लोंब्या एकशे चाळीस ओळींत पेरायच्या आहेत. पेरण्याआधी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ घालून त्यात बी टाकायचं, तरंगेल ते काढायचं, बुडेल ते दोनदा गोड्या पाण्यानं धुऊन सावलीत सुकवायचं. एका लोंबीचं बी थोडं असतं, म्हणून वाटीतच करायचं, प्रमाण तेच. ज्या गटांना बघायचं असेल त्यांनी मृग लागल्यावर पळस्प्याला या. फाट्यावर उतरून कुणालाही विचारा. येताना आपल्याकडचं मूठभर बी आणा, कोरडं, कापडात बांधलेलं. त्याला काय म्हणतात ते सांगा आणि ते कुणाच्या घरून आलं तेही सांगा, आम्ही वहीत लिहून घेऊ.